गिटारवरचं वजन

भुताखेतांवर हसणाऱ्यांतलाच मी. कुणाला घाबरवायची हौस नाही मला. पण गेल्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी भरदुपारी, अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या माझ्या दुकानात जे झालं ते मी स्वतः पाहिलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मी गिटारी दुरुस्त करतो. त्या दुपारी टेबलावर माझ्या भावाची, कर्टिसची इलेक्ट्रिक गिटार होती.

कर्टिस नाताळच्या आधी गेला.

त्याची मुलगी मारित त्या शुक्रवारी संध्याकाळी ती गिटार गावातल्या हॉलमध्ये वाजवणार होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँडबरोबर दौऱ्यावर निघणार होती. जन्मात पहिल्यांदा घराबाहेर! कर्टिसने तिला कधी जाऊ दिलं नाही. वाजवायचं तर माझ्या डोळ्यांसमोर, म्हणायचा. हट्टी लेकाचा.

या गिटारीचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती धातूची पट्टी, तरंगता असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि तो मधे तराजूसारखा तोल धरून राहतो. त्यावर नुसता तळहात टेकला तरी मागची कड दबते आणि सगळ्या तारांचा सूर चढतो. कर्टिसला तीच खोड होती. कितीदा ओरडलो असेन त्याच्यावर.

नव्या तारा चढवल्या. तोल साधला. सूर लावला. कॉफी ओतायला वळलो...

येऊन बघतो तर सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा वर. सगळ्या तारांचा सूर सारखाच चढलेला.

म्हटलं, स्प्रिंगा जास्त आवळल्या गेल्या असतील. मागचे स्क्रू सैल केले. पुन्हा सूर लावला. पाठ वळवली...

पुन्हा वर.

डोकंच फिरलं माझं. गिटार उभी धरली, मागचं झाकण काढलं.

स्प्रिंगा ढिल्या होत्या.

अहो, ढिल्या स्प्रिंगा ब्रिज ओढतील कशा? म्हणजे... वरून काहीतरी दाबत होतं.

मी ब्रिजच्या मागच्या कडेखाली नख घालून उचलायला गेलो. उचलेना. बाहेर बर्फ पडत होता, दुकानातला हीटर बंद पडलेला, आणि तो धातू...

कोमट होता.

मी बोट झटकन मागे घेतलं.

तेवढ्यात दारात मारित. झाली का म्हणून विचारत होती. पोरीचा चेहरा एवढा फुललेला, तिला काय सांगणार? मी आमच्या धंद्यातली आळशी वाट धरली. तोल का गेला ते न शोधता, आहे त्या तोलावरच सूर लावून टाकला. ते वजन धरूनच.

काटा मधोमध थांबला. मग हलला नाही.

हॉलमध्ये पोरीने काय वाजवलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग शेवटचं गाणं सुरू झालं, आणि मधेच...

सगळ्या तारांचा सूर एकदम उतरला.

लोकांनी तोंडं वाकडी केली. सूर वरखाली करायला ब्रिजला एक दांडी असते, तिला कुणी हात लावला नव्हता. काय झालं ते त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं.

ब्रिजवरचं वजन उठलं होतं.

मारित थांबली. तिने तारांकडे पाहिलंच नाही. तिचा डावा खांदा हळूच खाली गेला. तिने मान वळवून त्या खांद्याकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाली... माइकमधून सगळ्यांनी ऐकलं...

"हो, बाबा."

सकाळी बँड तिच्याशिवाय गेला.

गिटार आता ठणठणीत आहे. ब्रिज सरळ, सूर पक्का. मी रविवारी जेवायला तिच्याकडे जातो. ती हसते, वाढते, आग्रह करते. खांदा तसाच, एका बाजूला झुकलेला. डॉक्टरला काही सापडलं नाही.

परवा मी धीर करून म्हटलं, "मारित, पुढच्या वेळी तरी जाशील ना गं?"



बोलायच्या आधी तिने खांद्याकडे पाहिलं.