हे दोघे एकमेकांचे कोण?

"बाई, आवाज आहे का?"

जिन्यात गाठून कुणी असं विचारलं, तर माणसाने काय उत्तर द्यावं? तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पोटाशी धरला आणि वळून पाहिलं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या दारात यंत्रवाले काका उभे होते. हेडफोन गळ्यात, चेहरा रडवेला.

"आवाज म्हणजे कसला?"

"इंग्रजी बोलायला हो! ज्या बाई येणार होत्या त्यांचा घसा बसलाय. आणि बारावीच्या श्रवणचाचणीतला संवाद आजच व्हायला हवा. दोन मिनिटांचं काम आहे. या ना, माझी आई!"

"रोज वर्गभर घोड्यांना गप्प करते मी," ती म्हणाली. "आवाजाला काही तोटा नाही."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. काचेपलीकडे, मायक्रोफोनसमोर, एक उंच, किडकिडीत मास्तर कागद घेऊन बसला होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ.

"म्हणजे... शांतताबाई तुम्हीच," तो म्हणाला. "तुमच्या शाळेतून आमच्याकडे आलेली मुलं सांगतात. बाईंचं पाऊल वर्गात पडायच्या आधीच... 'शांतता!'"

"आणि तुमच्याकडून आमच्याकडे आलेली मुलं सांगतात, तिथे एक स्वल्पविराम सर आहेत. वाक्य सुरू करतात, मध्येच थांबतात, आणि तास संपला तरी पुढे सरकत नाहीत."

"ते... खोटं आहे."

"बघा, थांबलात."

दोन मिनिटांच्या कामात अख्खी दुपार गेली, कारण त्या खोलीचं छप्पर पत्र्याचं होतं. पावसाची सर आली की पत्रा असा ताडताड वाजायचा, की काका कपाळाला हात लावून यंत्र बंद करायचे आणि "बसा आता" म्हणून चहाला निघून जायचे. ही दोघं आत अडकायची. खोली एवढीशी, की एकाने कागद उलटला तर वारा दुसऱ्याला लागावा. तो बोलता बोलता थांबला की ती पुढचा शब्द सुचवायची. मग तो मुद्दाम थांबू लागला. पाऊस ओसरला की दोघांचेही चेहरे उतरायचे. यावरून काय ते समजून घ्या.

त्या दिवसापासून तिलाही चाचणीच्या समितीवर घेतलं गेलं. काम सोपं वाटतं, पण नाही. अर्धी चाचणी वाचनाची — उतारा वाचा, उत्तरं द्या. अर्धी श्रवणाची — संवाद दोनदा ऐका, उत्तरं द्या. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला डोकं लागत नाही, ते असतंच. चुकीची तीन अशी लिहायची की हुशार पोरालाही क्षणभर मोह पडावा. मग एखाद्या शाळेत सगळं आजमावून पाहायचं आणि ज्या प्रश्नावर वर्गच्या वर्ग घसरतो, तो काढून टाकायचा. चुकीची उत्तरं रचण्यात स्वल्पविरामाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यावर त्यांची रोज भांडणं व्हायची आणि ती भांडणं तिला दिवसभर पुरायची.

आता घोडं कुठे पेंड खात होतं तेही सांगायला हवं.

तिची थोरली बहीण गेल्या वर्षी वारली होती, मागे चार वर्षांची मुलगी ठेवून. एका संध्याकाळी आईने विषय काढला. "परकी बाई घरात आणून या पोरीचे हाल करायचे, की तू..." आई पुढे बोलली नाही. भावोजी खाली मान घालून बसले होते. चांगला माणूस. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. भाची तिच्या मांडीवर झोपली होती, मुठीत तिचं बोट घट्ट धरून. ती हो म्हणाली. परीक्षा संपल्या की लग्न, असं ठरलं. तेव्हा नकाराला काही कारणच नव्हतं. कारण नंतर जिन्यात भेटलं.

स्वल्पविरामाला तिने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं घडलंय तरी काय, असं ती स्वतःला बजावायची आणि मिठाची गुळणी धरायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. भाचीची वेणी घालताना हात मध्येच थांबायचा, आणि ती एवढीशी पोर वळून विचारायची, "मावशी, दुखतंय का?" तिला खरोखरच दुखत असायचं, अगदी श्वास घेतानाही.

त्या पहिल्या दिवशीचा संवाद होता हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरचा. एक बाई येते, छत्री विसरल्याचं सांगते. खिडकीवरचा कारकून विचारतो, रंग कोणता, मूठ कसली, कुठे विसरलात. छत्री सापडते, बाई निघून जाते. त्यावर शेवटचा प्रश्न होता: हे दोघे एकमेकांचे कोण? बरोबर उत्तर — अनोळखी. चुकीची दोन — भाऊबहीण, शेजारी.

"आणि चौथं?" पर्याय रचायला बसल्यावर तिने विचारलं होतं.

त्याने काहीतरी खरडून कागद तिच्याकडे सरकवला. 'लवकरच लग्न होणारं जोडपं.'

"हे काय हे? हरवलेली छत्री मागणारी बाई आणि खिडकीवरचा कारकून? शेंबडं पोरसुद्धा हे निवडायचं नाही!"

"नाही निवडलं तर... नाही."

"चुकीचं उत्तर पटण्यासारखं हवं. नियम तुम्हीच शिकवलात मला."

"तेच तर... बघू या ना, कुणाला पटतंय का."

त्याचे कान लाल झाले होते. तिने तो पर्याय खोडला नाही. खोडायला हवा होता.

पहिली आजमावणी लांबच्या एका शाळेत झाली. मुलांनी दोन्ही वेळा संवाद कान देऊन ऐकला आणि भराभर खुणा केल्या. शिक्षकांच्या रिकाम्या खोलीत हे दोघं समोरासमोर तपासायला बसले. वाचनाचा भाग छान गेला होता. छत्रीचा रंग सगळ्यांना कळला होता, मूठही कळली होती. शेवटच्या प्रश्नाशी आल्यावर मात्र तिचा हात मंदावला. एकीने चौथा पर्याय निवडला होता. पुढच्याने चौथाच. त्याच्या पुढचीनेही. तिने गठ्ठा उलटून मधलीच एक उत्तरपत्रिका काढली, त्यातही चौथा.

"तुमच्याकडे काय?" तिने विचारलं.

"हेच," तो म्हणाला.

जवळजवळ सगळा वर्ग एका तोंडाने सांगत होता, की या दोघांचं लवकरच लग्न होणार आहे. ज्यांनी या दोघांना कधी पाहिलं नव्हतं, त्या पोरांनी नुसत्या 'निळी छत्री' आणि 'लाकडी मूठ' यांवरून हे ओळखलं होतं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी तिने हातातली उत्तरपत्रिका पालथी घातली.

"प्रश्न बाद होणार," ती कशीबशी म्हणाली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. सबंध वाक्य, कुठेही न थांबता. "मुलांना कळलंय. तुम्हालाही कळलं असेल. मुलांचं उत्तर चूक आहे का, एवढंच सांगा."

खिडकीबाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली. तिने लाल पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"परीक्षा संपल्या की माझं लग्न आहे," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. बहिणीचं, भाचीचं, आईचं. तो ऐकत राहिला. चांगलं ऐकणाऱ्या माणसाला वाईट गोष्ट सांगणं फार जड जातं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"तुम्हाला... हवंय का हे लग्न?"

"मला ती पोर हवीय. तिला मी हवीय. बाकी कुणाला काय हवंय ते कुणी कुणाला विचारलं नाही."

"तिला आपण... मी तिला माझी म्हणून..."

"तिला बाप आहे हो. जीव लावणारा बाप आहे. आई गेलेल्या पोरीचा बापही तोडू?"

त्याने समोरच्या उत्तरपत्रिकांच्या कडा जुळवल्या.

"आधी का नाही सांगितलंत मला?" त्याने विचारलं.

"पाऊस थांबला असता," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गठ्ठा बांधू लागली.

पण समितीला प्रश्न आवडला होता. अध्यक्षबाईंचा निरोप आला: संवाद चांगला आहे, ध्वनिमुद्रण तेवढं पुन्हा करा. दुसरी माणसं शोधायला वेळ नाही, त्याच दोघांना बसवा आणि कोरडं बोलायला सांगा. तेव्हा ती दोघं पुन्हा काचेपलीकडे जाऊन बसली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पत्रा मुका होता. त्या दिवशी तरी एखादी सर यावी, काकांनी यंत्र बंद करून चहाला जावं, असं तिला जिवापासून वाटत होतं. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

काकांनी बोट वर केलं.

त्याने रंग विचारला, तिने सांगितला. त्याने मूठ विचारली, तिने सांगितली. छत्री कुठे विसरलात, असं विचारायच्या आधी तो थांबला. उत्तर द्यायच्या आधी ती थांबली. शब्द तेच होते, पण त्यांतला जीव गेला होता. आपण चुकावं, अडखळावं, पुन्हा पुन्हा करावं लागावं, म्हणून तिने मनातल्या मनात किती धावा केला! पण पहिल्याच खेपेला सगळं अचूक झालं.

"झकास!" काका काचेवर टकटक करत ओरडले. "जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नसल्यासारखे वाटता आता. आधीच असं बोलला असतात तर माझा एवढा वेळ नसता गेला!"

दोघांनी काकांचे आभार मानले. जिन्यात तो मागे राहिला आणि ती भरभर उतरून गेली, कारण सोबत उतरली असती तर खाली पोचलीच नसती.

दुसरी आजमावणी वेगळ्या शाळेत झाली. तपासणीचं टेबल तसंच, माणसं तीच, मधे पाण्याचा तांब्या. या वेळी तिचा हात कुठे अडला नाही. अनोळखी. अनोळखी. अनोळखी. प्रत्येक बरोबर उत्तरावर ती खूण करत गेली, आणि प्रत्येक खुणेगणिक तिच्या आत काहीतरी विझत गेलं. वर्गच्या वर्ग बरोबर आला होता. प्रश्न पास झाला होता, ती नापास.

तेवढ्यात त्याने एक उत्तरपत्रिका बाजूला काढली. एका मुलीने चौथा पर्याय निवडला होता. एकटीने.

एकटंच मूल चुकलं, की त्याला बोलावून कारण विचारायचं, अशी या कामाची रीत होती. मुलगी आली. दोन वेण्या, बोटांना शाई, नजर मात्र सरळ.

"हे उत्तर का निवडलंस?" तिने विचारलं.

"ऐकून."

"काय ऐकून?"

"तो माणूस विचारतो ना, छत्री कुठे विसरलात... त्याच्या आधी तो थांबतो. आणि तीही पटकन सांगत नाही. अनोळखी माणसं अशी गप्प नाही बसत, बाई. खिडकीवरचा माणूस तर 'लवकर बोला' म्हणून खेकसतो."

"पण किती कोरडे बोलतायत ते दोघं!"

"म्हणूनच तर! माझ्या ताईचं लग्न मोडलं, तेव्हा ती त्यांच्याशी फोनवर असंच बोलली होती. हो, नाही, ठीक आहे. आणि फोन ठेवल्यावर..." मुलगी थबकली. "बरोबर आहे ना बाई माझं?"

तो मुलीकडे नाही, तिच्याकडे बघत होता. त्याने पेन खाली ठेवलं होतं आणि त्याची नजर सांगत होती, की तो अजूनही वाट बघतोय. तिने आत्ता 'हो' म्हटलं, तर तो या टेबलावरून उठून तिच्यासोबत कुठेही येईल, तिच्या आईसमोर उभा राहील, भावोजींशी बोलेल. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. आणि तिला दिसली ती दारात बसलेली पोर, आई परत येत नसते हे एकदा शिकलेली, आता रोज मावशीची वाट बघणारी.

"नाही," ती म्हणाली. "चुकलंय तुझं. ते दोघं अनोळखी आहेत."

"पण बाई..."

"नीट ऐकायचं बाळा. नीट ऐकलं असतंस तर कळलं असतं."

"नीटच ऐकलं होतं बाई," मुलगी हिरमुसून म्हणाली, आणि निघून गेली.

मुलीची पावलं वाजेनाशी झाली. त्याने ती उत्तरपत्रिका दोघांच्या मधे ठेवली, शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "फुली... मी मारू, की तुम्ही?"

"मी मारते," ती म्हणाली, आणि तिने लाल पेन उचललं.