जसं शे तसं

पाचोऱ्याचं घर विकून लताबाईंना धुळ्याला लेकीकडे जायचं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि घराला गिऱ्हाईक काही टिकत नव्हतं. येणारा पुढची खोली पाहून खूश व्हायचा. मधल्या खोलीतली ओलसर भिंत दिसली, की चहा न घेताच उठायचा.

त्र्याऐंशीच्या वैशाखात गावातल्या विहिरी आटल्या होत्या. त्या भिंतीजवळ नळ नव्हता, मोरी नव्हती. तरी भिंत ओली. हात लावला तर गार.

शेवटी त्यांनी अमीन गवंड्याला बोलावलं. त्यानं थोडा गिलावा फोडला आणि तो थबकला.

"अक्का, हे आतून कोणी सारवलं?"

लताबाई पुढे झाल्या. गिलाव्याखाली, विटांवर, शेणमातीचा थर होता. ओला. बोटांचे फेरे स्पष्ट उठलेले. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा वास येत होता.

"तू बुजव बाबा ते."

"नाही अक्का. हे आपल्याच्यानं होणार नाही." अमीननं थापी उचलली नि तो निघूनच गेला.

तेव्हापासून लताबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिना. भाकरी तव्यावर टाकून त्या उठायच्या, भिंत बघून यायच्या. गिलावा आपोआप गळत होता आणि फेरे पुढे सरकत होते. काल कोनाड्यापर्यंत होते, आज दाराच्या चौकटीला टेकले होते.

पिंपळनेरचा धनसिंग बायकोला घेऊन घर बघायला आला, तेव्हा लताबाईंनी काही लपवलं नाही.

"दुरुस्ती मला झेपणार नाही, भाऊ. घ्यायचं तर आहे तसं घ्या."

धनसिंगनं मान वर करून छत न्याहाळलं. त्याची बायको वच्छलाबाई मात्र त्या ओल्या थरावरून हळूच तळहात फिरवत होती.

"जसं शे तसंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काहीच हात लावू नका."

"भीती नाही वाटत?"

"कसानी?"

व्यवहार झाला. लताबाईंनी एकेक खोली स्वतः रिकामी केली, किल्ली दिली आणि टांग्यात बसल्या. सुटल्यासारखं वाटलं. टांगा हलला तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

दार सताड उघडं होतं. नवरा-बायको उंबऱ्याबाहेर उभे होते. चपला काढलेल्या, बोचकी हातात.

आत जात नव्हते.

वच्छलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मान खाली घालून ती रिकाम्या घराला म्हणाली,

"हां माय, आमी येतस."