उंबऱ्याचा दगड

दिवा जरा माझ्याकडे सरकवा. तोंड बघा माझं, खोटं वाटलं तर उठून जा!

आमच्या एल्डरविक गावात वसंतात शीव फिरायची रीत. पाद्री पुढे, गाव मागे, हातात वाळुंजाच्या पाल्यासकट काठ्या. शिवेचा प्रत्येक दगड झोडपायचा आणि ओरडायचं, "आमचं!" एक जरी दगड सुटला तर पलीकडचा जमीनदार कुंपण घालायला टपलेलाच. गेल्या साली तर मेल्याने तारेची भेंडोळी गायरानाशी आणून टाकली होती. गायरान गेलं तर माझ्या गाई काय चुलीतली राख खाणार?

नवे पाद्रीबाबा जुन्या गावठाणापाशी थबकले. तिथे आता नुसते गवताचे उंचवटे. ते गाव प्लेगात ओस पडलं, माणूस उरलं नाही. मग आमच्या पणज्यांनी तिथले दगड उचलून आपली घरं बांधली. माझा उंबरा तिथलाच.

"डॉर्कसबाई, पुढे चिखल आहे. एक दगड राहिला तर काय बिघडतं?"

"तुमचे बूट बिघडतील, बाबा. माझं गायरान जाईल!"

शेजारचा इनॉक म्हातारा खिदळला. "जाऊ द्या हिला. मेलेलेसुद्धा हिला वाट देतील."

गेले एकटी. भरदुपारी धुकं उतरलं. कुजक्या पाण्याचा वास... आणि त्यात चुलीचा धूर. तिथे कुठली चूल? दगड सापडला. हाणली सणसणीत! "आमचं!"

सट्. पलीकडून तसाच फटका. मग कितीतरी. आणि अख्खं गाव दबक्या आवाजात बोललं, "आमचं..."

"कोण आहे रे? समोर ये!"

कुणी आलं नाही. फटके माझ्या शेजारून पुढे निघाले, थेट माझ्या घराच्या वाटेने. मी धावत सुटले. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि आत सट् सट् सट्! दार उघडलं तर सगळं चिडीचूप. उंबऱ्यावर आतल्या बाजूने चिरडलेला ओला पाला.

दुसऱ्या दिवशी जमीनदाराने तार गुंडाळून नेली. का, ते त्याचे गडीही सांगेनात. गायरान वाचलं.

"ज्याचं त्याला देऊन टाक, बाई," तो पाला दाखवला तसा इनॉक पुटपुटला. या खेपेला हसला नाही.

पहारीने उंबरा उखडला, ढकलगाडीवर घालून उंचवट्यावर ठेवून आले. दाराला लाकडी बसवला. वर्षभर सुखाने झोपले.

काल पुन्हा शीव फिरून घरी आले. लाकडी उंबरा स्वच्छ होता. ओला पाला चुलीमागच्या भिंतीला चिकटला होता... दगडागणिक एक पान.