पंखा बंद असतानाची पट्टी

तो आला तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. झोपले नव्हते… नुसते डोळे मिटले होते.

"हार्टची मशीन कुठी हाय?"

दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात तीन स्क्रूड्रायव्हर.

"अकोल्याहून आलात?"

"नाही बाई. सामनेच दुकान हाय आपलं, रेडिओ दुरुस्तीचं. इंद्रभान म्हन्तेत मले."

"हा रेडिओ नाही."

"असू द्या ना! हिच्यातबी करंटच वाहते. अकोल्याचा मिस्त्री पंधरा दिवस येत नाही म्हने, म्हनून डॉक्टरसाहेबांनं मले धाडलं."

मी उठून मशीनवरचं फडकं काढलं. बोलायचाही कंटाळा आला होता.

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र होता तो. मेहकरला बसस्टँडमागे एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता, आणि तिथं हृदयाचा आलेख काढायचं काम माझ्याकडे होतं. मी सोनाळ्याची, माळ्याच्या घरची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. बायका पुरुषांकडून छातीला वायरी लावून घेत नसत, म्हणून ट्रस्टला मुलगीच हवी होती. वायरी लावायच्या, पट्टी काढायची, तिचे बारा तुकडे कापून कार्डावर चिकटवायचे, आणि खाली लिहायचं : नॉर्मल. दीड वर्षात सातशे माणसं झाली. तो शब्द लिहिता लिहिता मला त्याचा अर्थच दिसेनासा झाला होता.

त्यात पंधरा दिवसांपासून मशीन थरथरती रेघ काढत होती. काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

इंद्रभाननं आधी पंखा बंद करायला लावला. थरथर निम्मी झाली. मग छातीच्या वायरीचा सुटू आलेला जोड त्यानं कथलाचा डाग देऊन पक्का केला. तरी रेघ थरथरतच होती. तो बाहेर गेला, खिडकीखाली वाकून काहीतरी पाहिलं आणि हसत सुटला.

"बाई, अर्थिंगच्या खड्ड्यात पानी कधी टाकलं होतं?"

"पाणी टाकायचं असतं?"

"तं! खड्डा पार वाळून राह्यला. करंट जमिनीत जाईन कसा?"

फिजिक्सच्या पदवीधर बाईंनी बादली बाहेर नेऊन दिली. त्यानं दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं. आत येऊन मी बटन दाबलं तर रेघ अशी सरळ, जशी कुणी पट्टी धरून आखली.

"आता कुणावर तरी काढून पाहावं लागेल," मी म्हणाले.

"माह्यावर काढा ना."

तो खाटेवर आडवा झाला. मी मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधले, जेली लावली, रबरी फुगा छातीवर दाबला.

"गार हाय बाप्पा!"

"हलू नका."

"मी कुठी हालून राह्यलो? आतलंच हालून राह्यलं…"

मी त्याच्याकडे न पाहता पट्टी सोडली. रेघ स्वच्छ आली. पट्टी कापून मी चौकोन मोजले.

"हे मोठे चौकोन. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती आहेत ते मोजायचे आणि त्या आकड्यानं तीनशेला भागायचं. इथं तीनसुद्धा पुरे नाहीत. म्हणजे… एकशे चार."

"चांगलं का वाईट?"

"जोरात आहे. पंखा बंद आहे ना… उकाड्यानं असेल."

"हाव," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पंख्यानंच असंल."

मी पाठ फिरवली. हसू दिसलं असतं.

तेवढ्यात त्याची आई त्याला शोधत आली. सत्यभामाबाई बाजारात भाजी विकत. दुकान बंद दिसलं म्हणून डबा घेऊन इकडेच आल्या होत्या. टोपल्यात उरलेल्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणि चार वांगी. पायरीवर टेकल्या आणि एक हात मागं नेऊन पाठ दाबू लागल्या.

"काय झालं व माय?"

"काई नाही रे. सकायपासून पाठीत भरून आलं. टोपलं उचललं ना. थकली बाप्पा, दुसरं काय!"

"चाल, तुही बी पट्टी काढू. तेवढीच टेस्टिंग होते मशीनची."

"मले कायले? तुह्या रेडिओचीच काढ!" त्या हसल्या.

आम्ही तिघंही घामानं भिजलो होतो. पण त्यांना उठवायला मी हात धरला तर तो गार लागला. उकाड्याच्या घामात हात असा गार लागत नाही.

पडदा ओढून मी पट्टी काढली. हातापायांच्या वायरींत काही खास नव्हतं. छातीच्या पहिल्या तीन जागांवर मात्र सुळका जरा जास्त उंच होता, आणि त्यानंतर रेघ जिथं परत यायला हवी तिथं न येता दोन बारीक चौकोन खाली राहत होती. दोनच चौकोन… दोन मिलिमीटर. घाईत कुणी पाहिलंच नसतं.

मापारी डॉक्टरांनी पाहिलं. सकाळपासून साठ पेशंट तपासून ते चहाची वाट पाहत होते.

"छातीत दुखतं का, आजी?"

"नाही जी. पाठ भरून आली फक्त."

"चांगुणाबाई," ते माझ्याकडे वळले, "मशीन आजच उघडली ना? वायर नीट बसली नसेल. मलम द्या आणि घरी जाऊ द्या त्यांना."

इंद्रभाननं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "हाव साहेब. माह्याच हातून चुकलं असंल. चाल माय."

सत्यभामाबाई उठायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना पडू द्या. इंद्रभान, तुम्ही बाजूच्या खाटेवर आडवे व्हा."

"मी? पुन्हा?"

"तीच वायर, तीच जागा. चूक मशीनची असेल तर तुमच्याही पट्टीत दिसेल."

तो मुकाट्यानं आडवा झाला. यावेळी जेली गार आहे म्हणाला नाही. डोळे घट्ट मिटून घेतले होते. पुढं कधीतरी त्यानं सांगितलं, दिलेला डाग कच्चा निघावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

पट्टी निघाली. पहिली जागा, दुसरी, तिसरी. प्रत्येक सुळक्यानंतर रेघ मुकाट्यानं आपल्या जागी परत येत होती.

"काय निघालं?"

"तुमचं चुकलं नाही."

दिवसभरात मी त्याला म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. ते ऐकून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

दोन्ही पट्ट्या घेऊन मी डॉक्टरांकडे धावले. चहा नुकताच आला होता. मी सत्यभामाबाईंची पट्टी उलटी केली, वरची बाजू खाली, आणि पाठीमागून खिडकीच्या उजेडाला धरली. कागदातून रेघ आरपार दिसत होती. खाली गेलेली रेघ आता वर उचललेली होती. हार्ट अटॅकची अगदी ठरलेली कमान.

"साहेब, आपल्या वायरी सगळ्या पुढून. इजा हृदयाच्या मागच्या भिंतीला असेल तर पुढून ती उलटीच दिसणार ना? तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात आहे. आणि हा मुलाचा आलेख, आत्ताचा. मशीन बरोबर आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. पट्टी स्वतःच्या हातात घेऊन उजेडाला धरली. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र आणखीच थकला.

"खाट तयार करा," एवढंच म्हणून ते धावत बाहेर गेले.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं सत्यभामाबाईंना उलटी झाली आणि नाडी एकदम मंद पडली. डॉक्टर शेजारीच होते म्हणून सावरलं. घरी निघाल्या असत्या तर त्या वेळी वाटेतच कुठंतरी असत्या.

डॉक्टरांनी तीन आठवडे खाटेवरून उठायची मनाई केली. इंद्रभान रोज दुकान उघडण्याआधी यायचा आणि आईला भेटण्याआधी माझ्या खिडकीखाली खड्ड्यात पाणी टाकायचा.

"आज किती बादल्या?"

"दोन."

"एक पुरते."

"एकीत लवकर होते ना…" तो मान खाली घालून म्हणायचा.

सत्यभामाबाईंना खाटेवरून सगळं दिसत असे. एक दिवस मला म्हणाल्या, "पोरी, काय लावलं व त्यानं तिथं? रोज पानी देऊन राह्यला."

"मीठ टाकलंय, आजी."

"असं? मंग मिठाले कोंब फुटतीन आता."

मी थर्मामीटर झटकायला लागले. ते माझं कामही नव्हतं.

एका दुपारी तो पायरीवर भिंतीला टेकून बसलेला दिसला. दुकान, दवाखाना, बाजारात आईच्या जागेवर बसणं, सगळं एकटाच करत होता.

"थकलात?"

"हाव. पन मायसारखं नाही. साधंच थकलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमीबी थकेलच दिसता. पहिल्या दिवशीबी डोकं टेकून बसल्या होत्या."

दीड वर्षात हे कुणी पाहिलं नव्हतं. मी दोन हात अंतर सोडून त्याच पायरीवर बसले. उन्हात चिंचेची पानं गळत होती. थकलेलं असणं त्या दिवशी जड वाटलं नाही, इतकंच.

दवाखान्यातून सुट्टीचा दिवस आला. सत्यभामाबाई गाठोडं बांधून दाराशी स्टुलावर बसल्या. तो खिडकीशी आला, हातात रिकामी बादली.

"आता उद्यापासून शिपायाले सांगजा पानी टाकाले. आन् पाऊस लागला की मंग… तेबी लागत नाही."

"हो."

"माही पट्टी द्या ना."

"कोणती? दोन आहेत."

"पहिली. पंखा बंदवाली."

"ती रजिस्टरला लावलीय."

रजिस्टरला दुसरी लावली होती. पहिली माझ्या वहीत होती, दुमडू नये म्हणून जाड पुठ्ठ्यात.

तो थोडा वेळ बादलीच्या कडीशी खेळत राहिला. "आन् तुमची?"

"माझी?"

"सातशे लोकांची काढली म्हन्ता. तुमची कोनं काढली?"

कुणीच नाही. मला सुचलंसुद्धा नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि मनगटांना, घोट्यांना स्वतःच पट्टे बांधले. तो आत आला.

"बटन दोन नंबरवर फिरवा," मी म्हणाले. "आता पट्टी सोडा."

पट्टी सरसरत निघाली. त्यानं ती कापली आणि चौकोनांवरून बोट फिरवलं.

"एक… दोन… तिसरा पुरा नाही." ओठ हलवत त्यानं भागाकार केला. "एकशे आठ."

मी खाली फरशीकडे पाहत होते. त्यानं मान वर करून छताकडे पाहिलं.

"पंखा तं चालू हाय."

"हो."

"मंग मशीन बिघडली असंल पुन्हा…" आवाज मस्करीचा होता, पण बोट पुन्हा पहिल्या चौकोनापासून मोजायला लागलं होतं.

दीड वर्ष जपलेली माझी कॉलेजची भाषा कुठं गेली कोण जाणे.

"मशीन बरोबर हाय," मी म्हणाले. "तुमीच दुरुस्त केली ना."

मोजणारं त्याचं बोट तिथंच थांबलं.

"झालं का रे?" दारातून सत्यभामाबाईंनी विचारलं. "काय निघालं पोरीचं?"

त्यानं पट्टीची अलगद घडी केली आणि तीन स्क्रूड्रायव्हरच्या मागं, आतल्या बाजूला खिशात ठेवली.

"नॉर्मल हाय, माय."