टाच धरणारं माणूस

टाच तळहातात घे, किमया. अशी नाही, खालून. दुसरा हात गुडघ्याखाली. आता सावकाश वाकव आणि सरळ कर, शंभर वेळा. रोह्याहून पेणपर्यंत येऊन तू या मेलेल्या पायांची सेवा करतेस, तर तुला कंटाळा येऊ नये म्हणून एक हकीकत सांगतो. मीही तुझ्यासारखाच फिजिओथेरपिस्ट होतो. माझ्या पाठीला साधं खरचटलेलंही नाही, हे तू फाइलमध्ये वाचलंच असशील.

तीन वर्षांपूर्वी कासू गावी निकेश नावाचा माझा एक पेशंट होता. धाटावच्या एका कंपनीत काम करताना परांचीवरून पाठीवर पडला. आमच्या सर्जननी मणक्यात सहा स्क्रू घातले. ऑपरेशन देखणं झालं, पण आतला मज्जारज्जू तुटलेला होता. कमरेखालचा सगळा कारभार बंद. "त्याला व्हीलचेअरची सवय करा," सर्जन मला म्हणाले. मला ते झोंबलं. अलिबागच्या डॉक्टरांच्या परिषदेत याला चालवून दाखवतो, असं मी त्यांना तोंडावर सांगून बसलो.

घर खाडीच्या बांधाला लागून होतं. ओहोटी असली की चिखलाचा वास खाटेपर्यंत यायचा, त्यात स्पिरिट आणि जखमेच्या पावडरीचा वास मिसळायचा. भर दुपारी तिथे पाखरूसुद्धा ओरडत नसे. रोज जायला मला वेळ कुठला? आपण घरोघरी करतो तेच मी केलं, व्यायामाला पाय धरणारं घरचंच माणूस तयार केलं. त्याची बायको, अनिता. तेविशीची पोर.

"यांना दुखल का, सर?"

"दुखायला आधी कळावं लागतं," मी म्हणालो. निकेश आढ्याकडे बघत पडला होता.

तिनं त्याची टाच उचलली, कपाळाला लावली आणि पुटपुटली, "माजं घ्या..."

महिन्याभरात त्याचा अंगठा हलला. तुटलेल्या मज्जारज्जूखालचा अंगठा हलत नसतो, किमया. मी वाकून तीनदा पाहिलं. हात मात्र लावला नाही, का कोण जाणे. तेवढ्यात अनिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या पायाच्या अंगठ्याला एक काळा मुंगळा चावून लटकला होता, रक्ताचे ठिपके फरशीवर उमटत होते. आणि ती हसत होती. सासू धोंडुबाईनं ओरडून सांगितलं तेव्हा तिनं खाली पाहिलं, परक्याच्या पायाकडे बघावं तसं.

तो उजवा गुडघा उचलू लागला त्याच आठवड्यात ती अंगणात हंड्यासकट कोसळली. "पाय हाय का नाय, कलत नाय, सर," म्हणाली. मी तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय उडाला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याच क्षणी सगळं कळलं. तिला तेव्हाच माहेरी धाडायला हवं होतं. मी म्हणालो, "अशक्तपणा आहे. व्यायाम चुकवू नकोस."

कळलं निकेशलाही होतं. "धर गो," तो गोडीगुलाबीनं म्हणायचा. आधी दिवसातून एकदा, मग चारदा. तिला बसवेना झालं तेव्हा त्यानं तिची खाट आपल्या खाटेला लावून घेतली आणि टाच तिच्या हातात ठेवली. तिच्याकडचं सगळं संपलं तरी त्याचा डावा पाय मागेच राहिला होता. म्हातारी माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"सर, माजी सून..."

"तुम्ही डावा पाय धरा," मी म्हणालो.

अलिबागला निकेश मंचाच्या पायऱ्या स्वतः चढला. टाळ्या थांबेनात. कासूला दोन खाटांवर दोघी पडून होत्या. त्यांना पाणी कोण देतं, हे मी त्याला विचारलं नाही.

मग एके दिवशी तो माझ्या दवाखान्यात आला. कंपनीला फिटनेसचं सर्टिफिकेट हवं होतं. पायात पूर्ण ताकद आहे असं लिहायचं, तर पेशंटनं जोर लावायचा आणि आपण तो पाय हातानं अडवायचा. त्याला दुसरा मार्ग नाही, तुला माहीत आहे. सर्जन मुद्दाम बघायला आले होते. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? निकेशनं टाच पुढे केली.

"धरा, सर," तो हळूच म्हणाला. "घरात आता धरणारा कोन उरला नाय."

मी धरली. गरम होती. सोडायला गेलो तर बोटं उघडेनात... "पूर्ण ताकद," सर्जन खूश होऊन म्हणाले. संध्याकाळी मी खुर्चीतून उठायला गेलो आणि उठलोच नाही.

किती झाले? नव्वद? तुझी पकड छान आहे. आधीचे पोरगे नुसत्या बोटांनी धरायचे आणि दोन दिवसांत पळायचे. निकेशचा मला फार राग यायचा, आता येत नाही. इतके महिने असं पडून राहिलं की माणसाला दुसऱ्याचं काही वाटेनासं होतं. बघ... हलला ना अंगठा? थांबू नकोस, दहाच राहिलेत. आणि खाली मुळीच बघू नकोस. तुझ्या अंगठ्याला मघापासून मुंगळा चावून लटकलाय, आणि तू अजून मोजतेच आहेस.