चंद्रभान गेला त्या दिवसापासून

"बोल! कडी आतून लावली कुणी?"

सूर्यभानच्या हातातला आसूड सळसळला आणि हळदीसाठी जमलेल्या बायका किंचाळत भिंतीकडे सरकल्या. मांडव होता, हळद होती, मुंडावळ्या होत्या... नव्हता तो फक्त नवरदेव! लग्न दोन दिवसांवर आलेलं आणि सूर्यभानचा धाकटा भाऊ चंद्रभान पहाटे सायकलीवर बसून निघून गेला होता. उशाखाली चिठ्ठी तेवढी सापडली. 'मी जग बघायला चाललो. मुंबईहून जहाजानं इराण, तिथून पुढं सायकलीनं. मला शोधू नका.'

"त्यो भाईर गेला, मंग कडी आतून कशी? घरातलंच कुणीतरी फितूर हाय! कोण हाय त्ये?"

जात्याजवळ बसलेली म्हातारी कस्तुराबाई लटलट कापत होती. तिच्या थरथरत्या ओठांकडे पाहताच सूर्यभानच्या बायकोच्या, पंचफुलेच्या, काळजात चर्र झालं. पहाटे तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं! "लग्नाला उभा केलंस तर हिरीत उडी टाकीन," असं बोलणाऱ्या धाकट्याच्या हातात सासूनं भाकरीचं फडकं दिलं होतं, कपाळाला अंगारा लावला होता आणि तोंडात पदर कोंबून कडी लावून घेतली होती.

"सूऱ्या..." म्हातारी उठू लागली.

रागात सूर्यभानला आपपर उरत नसे, हे राणीसावरगावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण राग उतरल्यावर तोच माणूस गोठ्यात बैलाच्या गळ्यात पडून लेकरासारखा रडतो, हे एकट्या पंचफुलेला ठाऊक होतं. हा आसूड आज जन्मदात्या आईवर पडला तर...? ती दोन पावलं पुढं झाली.

"मी लावली कडी. मीच म्हनलं, जावा भावजी."

पुढचं तिला नीट आठवतही नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तिसऱ्याला हातातला हिरवा चुडा फुटून काचा मनगटात रुतल्या. तिनं हूं की चूं केलं नाही. नजर तेवढी सासूवर रोखलेली होती... बोलू नका, आत्याबाई, बोलू नका!

दुपारी पाथरीहून मुलीचे वडील दत्तराव भाऊबंदांना घेऊन जीप भरून आले. सूर्यभाननं डोक्यावरचा पटका काढून त्यांच्या पायांवर ठेवला. उत्तर आलं ते काठीचं! डोकं फुटून रक्ताची धार मांडवात पडली. पंचफुलेनं धावत जाऊन स्वतःला नवऱ्यावर झोकून दिलं, दुसरी काठी तिच्या पाठीवर बसली... आणि त्या रक्तबंबाळ अवस्थेतही सूर्यभाननं तिला कोपरानं दूर लोटलं.

"हात लावू नगंस! तुज्यापायी माजी इज्जत मातीत गेली!"

त्या दिवसापासून त्यानं तिच्या हातचं पाणी सोडलं. एका छताखाली राहून तो तिच्याशी अवाक्षर बोलेना. सासू दिवसातून दहादा हात धरी. "पंचे, सांगू दी की गं मला! ह्ये पाप न्हाई सोसत!" आणि पंचफुला दर वेळी म्हणे, "माज्या गळ्याची आण हाय तुमाला."

चंद्रभानची पत्रं गंगाखेडला येत, त्याचा जिवलग मित्र बन्सीधर याच्या सायकल दुकानात. बाजाराच्या दिवशी पंचफुला दुकानाच्या पायरीशी उभी राही आणि तो वाचून दाखवी. इराणच्या वाळवंटात दोन दिवस पाण्यावाचून... तुर्कस्तानच्या घाटात गुडघाभर बर्फ... बापाविना वाढणारं हे सहा वर्षांचं पोर तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी कुशीत घेतलं होतं. आता ज्या गावांची नावंही तिच्या जिभेवर बसत नव्हती, तिथं ते उपाशी झोपत होतं!

तिसऱ्या वर्षीचं पत्र बन्सीधरनं थांबत थांबत वाचलं. 'वहिनी, डोंगरात लुटारूंनी गाठलं. बरगड्या मोडल्या, मेलो म्हणून टाकून गेले. एका धनगर म्हातारीनं उचलून घरी नेलं. तिची भाषा मला कळत नाही. पण तिनं तोंडात दूध घातलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात...'

पंचफुला पायरीवर मटकन बसली आणि तोंड झाकून ओक्साबोक्शी रडू लागली. नेमका त्याच वेळी सूर्यभान तिथून चालला होता. त्यानं काय पाहिलं, काय समजला, देव जाणे! कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलून तो बन्सीधरवर तुटून पडला.

"तूच बिघडवलास माजा भाऊ! आता माजी बायकू रडवायलास व्हय रं?"

टांगलेली चाकं खाली आली, काचा फुटल्या, बन्सीधरचा उजवा हात मनगटातून कडकन मोडला. पत्राचे तुकडे रस्त्यावर उडाले आणि पंचफुला धुळीत गुडघे टेकून ते गोळा करू लागली, तशी सूर्यभाननं तिला केसांना धरून फरफटत एसटीच्या थांब्यापर्यंत नेलं. साऱ्या बाजारानं पाहिलं. कुणी मध्ये पडलं नाही.

त्या दिवसापासून तिला घर बंद झालं. ती शेतातल्या गोठ्यात राहू लागली.

सत्त्याहत्तर सालच्या वैशाखात, भर दुपारी, गावातून हलगीचा आवाज आला. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "चंद्रभान आला! बारा देश फिरून आला!" हातातलं खुरपं टाकून पंचफुला अनवाणीच धावत सुटली...

ती पोचली तेव्हा हलगी थांबली होती. दारात सूर्यभान उभा होता, हातात कुऱ्हाड! समोर काळा ठिक्कर पडलेला, गालावर जखमेचा व्रण घेतलेला चंद्रभान, गळ्यात लोकांनी घातलेले हार.

"हार घालून मिरवायलास? माज्या टकुऱ्यातून रगत काढून गेलास! एक पाऊल म्होरं टाक, खांडोळी करतो!"

चंद्रभान भावाच्या पायांवर वाकला. कुऱ्हाड वर गेली... आणि पंचफुलेनं दोन्ही हातांनी पातं धरलं! तळव्यांतून रक्ताच्या धारा लागल्या, चंद्रभानच्या पाठीवर टपटपल्या.

"मार, मला मार!" म्हातारीचा टाहो सगळ्या गल्लीनं ऐकला. "कडी मी लावली रं, सूऱ्या! भाकरी मी दिली! हिनं कायबी केलं न्हाई. तीन वरसं ही माज्या वाटचा मार खायलीय... आण घालून माजं त्वांड बंद केलं हिनं!"

कुऱ्हाड गळून पडली. सूर्यभान आईकडे पाहत राहिला, मग पंचफुलेकडे.

"का... का अंगावर घेतलंस?"

"तवा तुमी आईवर आसूड उचलला असता," पंचफुला शांतपणे म्हणाली. "मी सोसलं, आत्याबाईंनीबी सोसलं असतं. तुमाला मातर सोसलं नसतं. जलमभर सोताला माफ केलं नसतं तुमी."

त्या धिप्पाड माणसानं जमिनीवर बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. चंद्रभाननं गळ्यातले हार ओरबाडून काढले. "बारा देश बघितले, वहिनी... आन् माज्यापायी घरात काय चाललंय ते न्हाई बघितलं! धिक्कार हाय माज्या फिरण्याला!"

पंचफुलेनं पाय मागे घेतले.

"माज्या पाया पडून काय व्हतंय? आधी गंगाखेडला जावा. बन्सीधरभावजींचा हात वाकडा बसलाय, पाना धरता येत न्हाई त्यास्नी. त्यांची माफी मागा. भर बाजारात मागा. भर बाजारात मारलंत. ते येत्याल तरच मी ह्या घरात पाऊल टाकीन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याला काही करायला सांगितलं ते हे पहिलंच! सूर्यभान उठला, पटका न बांधताच चालू लागला.

दिवस मावळायच्या आत सूर्यभानबरोबर बन्सीधर आला. अंगणात ताटं मांडली गेली. पंचफुलेच्या हातांना फडकी बांधलेली, म्हणून सूर्यभाननं खाली मान घालून भाकरी कुस्करली आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं... मग तोंड उघडलं.

सगळ्यांच्या नजरा ताटात. चंद्रभान तर अपराध्यासारखा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. तेव्हा पंचफुलाच त्याच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलीसारखं कुतूहल उमटलं.

"भावजी, म्होरं सरका की. आता सांगा बगू सगळं, पहिल्यापासून... समुद्र कसा आसतो वो?"