तिसऱ्या पाळीची हाक

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथ चालवणारा यशोधन तुम्हाला माहीत आहे ना, हे त्याच्यावर गुदरलंय.

साल चौऱ्याण्णव, दोन डिसेंबर, शुक्रवार. अमावस्या. पोलोग्राउंडजवळची कापड मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती. यशोधनचे वडील चिंतामणराव आणि त्यांचा दोस्त संताजी, दोघांनी तिथं बावीस वर्षं शेजारशेजारच्या मागांवर तिसरी पाळी केली. मिलला कुलूप लागलं आणि संताजीनं अन्न सोडलं. चार महिन्यांत गेला. त्यानंतर रोज रात्री चिंतामणरावांच्या दारात त्याची हाक यायची, "चल रे, पाळी लागली." एकदा ते उठून गेलेही. पहाटे मिलच्या फाटकाशी गारठून पडलेले सापडले. मग यशोधननं त्यांना हातोद गावी सखुआत्याकडे नेऊन ठेवलं. हाक थांबली. आई आधीच वारलेली. वर्षभर पोरगा एकटा रांधायचा, एकटा जेवायचा.

त्या शुक्रवारी फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, तीन दिवस झाले, रात्री कोणीतरी मला नावानं बोलावतंय."

वडिलांनी आवाज खाली आणला. मग, "ओ दिलीस?"

"नाही."

"आजच मला न्यायला ये."

कारखाना सुटल्यावर त्यानं स्कूटर काढली. हातोदहून परत निघाले तेव्हा साडेनऊ झाले होते. थंडी कडाक्याची. वडील मागे बसलेले, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. वर्षानं कोणाचा तरी हात अंगाला लागत होता. त्याला बरं वाटलं.

"बाबा, घरी गेल्यावर पोहे करतो, गरमागरम."

"कर. वरून जिरावण मसाला टाक."

पोलोग्राउंड ओलांडून मिलच्या भिंतीशी आले आणि स्कूटर बंद पडली. दोघं उतरले. यशोधननं किक मारली. पुन्हा मारली. छे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"यशोधन..."

भिंतीपलीकडून. आवाज संताजीचा. त्यात राग नव्हता. थकवा होता.

"यशोधन... एकट्यानं होत नाही रे..."

लहानपणी याच माणसानं त्याला खांद्यावर बसवून इथल्या लालबागची जत्रा दाखवली होती. "काका" म्हणायला ओठ उघडले...

मागून तळवा तोंडावर बसला. घट्ट. श्वास कोंडला.

"तो नको, संताजी," वडील मोठ्यानं म्हणाले. "त्याला मागाचं काम येत नाही. मी येतो."

तळवा सुटला. यशोधन वळला.

कोणी नाही. भिंत. अंधार.

"बाबा?"

"बाबा!"

रात्रभर तो त्या भिंतीला फेऱ्या घालत राहिला. उजाडल्यावर पहारेकरी जयसिंगरावांनी फाटक उघडून दिलं. कोपरान् कोपरा पाहिला. पोलिसांनी पाहिलं. चिंतामणराव काही सापडले नाहीत. आजतागायत नाहीत.

"भिया," जयसिंगराव हळूच म्हणाले, "सगळे माग तर कधीचे भंगारात गेले. पण काल रात्री आत दोन माग चालत होते. कसम से."

हाक पुन्हा कधी आली नाही. यशोधन त्याच घरात राहतो, एकटाच. आता पन्नाशी उलटली. भेटला तर विचारू नका काही, नुसतं बघा. डाव्या गालावर, चार बोटं बसतील एवढ्या जागेत, त्या रात्रीपासून दाढी उगवलेली नाही.